पडलो मी, टाळ्या तुला

हेमंत,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. संपादकांनी फोनवर सांगितलं, "चांगलं लिहा, तुमचा एवढा जवळचा मित्र." मी विचारलं, "चांगलं लिहू की खरं लिहू?" पलीकडून उत्तर आलं, "दोन-तीन पानं लिहा." म्हणून लिहितोय. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू कसा गेलास, हे दुसरं कोणीतरी लिहील. मला तुझ्याशी भांडायचंय. तू मध्ये तोंड घालणार नाहीस अशी संधी मला पहिल्यांदाच मिळतेय.

तर पहिली गोष्ट. तू चोर होतास.

माझा एखादा स्क्रूड्रायव्हर नेला असतास, प्रेशर कुकर नेऊन परत दिला नसतास, तर मी आज इथे गहिवरून काहीतरी लिहिलं असतं. तू माझ्या फजित्या नेल्यास. माणसाकडे इथे स्वतःचं असं काय असतं रे? घर बँकेचं, गाडी लीजवर, पोरं आपल्याला फ्रेंचमध्ये उलट उत्तरं देतात. माझ्याकडे माझ्या मालकीच्या म्हणाव्यात अशा फक्त माझ्या चुका होत्या. त्या मी घासूनपुसून ठेवायचो आणि पाहुणे आले की काढायचो. लोक हसायचे, मंजिरी कपाळाला हात लावायची, आणि मला वाटायचं, चला, परदेशात येऊन काहीतरी कमावलं.

आपण भेटलो या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, लव्हाल शहरातल्या त्या बिल्डिंगमध्ये. तू आणि वैदेही वहिनी वर, मी आणि मंजिरी खाली. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर नुकताच आलेलो, तू नागपूरहून येऊन इथले बरेच हिवाळे पचवलेला. माझं फ्रेंच म्हणजे 'बाँजूर' आणि त्यानंतर नुसतं हसणं. तुझं फ्रेंच ऐकून डेपानरवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, तुला विचारायचा की तू इथेच जन्मलास का. ते तू कुठल्या क्लासला जाऊन शिकला नव्हतास. टीव्हीसमोर बसून शिकलास. हॉस्पिटलच्या मालिका, सासू-सुनांच्या मालिका, प्रश्नमंजुषा, सगळं. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी पुढाऱ्यांची आणि नटनट्यांची टर उडवणारा तो कार्यक्रम अख्खा प्रांत बघतो, आणि दुसऱ्या दिवशी 'यंदा काही जमला नाही' असं म्हणायची इथे रीत आहे. तू तेसुद्धा मनापासून म्हणायचास. "यंदाचा बोगस होता बे," असं तू मला एक जानेवारीला सकाळी दारात उभं राहून सांगितलंस. मला तोवर असा काही कार्यक्रम असतो हेच माहीत नव्हतं.

मग तुझ्या सोफ्यावर माझं शिक्षण सुरू झालं. पडद्यावर फरच्या कॉलरचा कोट घातलेली एक बाई डोळे पुसत काहीतरी पुटपुटायची, आणि तू शेजारी बसून नागपुरीत डबिंग करायचास. "ती म्हणून राहिली, मार्सेल, तू मला सांगून का नाही राहिला बे, त्या पोरीचा बाप कोण आहे?" मार्सेल खिडकीबाहेर बघायचा. तू आवाज जाड करून म्हणायचास, "मी काय सांगू, लुईझ, मीच शोधून राहिलो." त्या मालिकेतली सगळी माणसं माझ्या डोक्यात अजून नागपूरच्या धरमपेठेत राहतात. फ्रेंच मी तिथेच शिकलो, हे खरं. उपकार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

आणि हॉकी, बर्फावरची. मॅच लागली की तू वेगळाच माणूस व्हायचास. कुठल्या खेळाडूचा खांदा कधी निखळला, कोणाचं बायकोशी पटत नाही, कोचने कोणाला बाकावर का बसवलं, सगळं तुला ठाऊक. पडद्याकडे बघून तू त्यांना घरच्यासारखं रागवायचास. "पास दे न बे, काय डोहाळे लागले का तुला?" आणि एवढं सगळं माहीत असलेल्या या माणसाने आयुष्यात एकदाही बर्फावर पाय ठेवला नव्हता. रस्त्यावरच्या बर्फावरसुद्धा तू वहिनींचा हात धरून चालायचास.

मला हॉकीत घातलंस तूच.

"पुणेकर, तू खेळायला लाग."

"मी?"

"सोमवारी ऑफिसात लोकं काय बोलतात? हॉकी. तू काय बोलतो? टेस्ट केस. तुला लंचला कोण बोलावेल बे?"

"मग तू का नाही खेळत?"

"माझा गुडघा."

तो गुडघा, हेमंत. मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळताना तुझा तो गुडघा जमिनीपासून दोन फूट उडायचा. जिन्यावरून सोफा चढवताना मात्र तो दुखायचा, आणि बर्फाचं नाव काढलं की ठणकायला लागायचा. तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तू भित्रा होतास. पडायला घाबरत होतास, त्याहून जास्त पडताना कोणी बघेल याला घाबरत होतास. मला हे कळायला फार वेळ लागला, कारण मी तेव्हा पडण्यात गुंतलो होतो.

आपल्या भागातल्या नगरपालिकेच्या अरेनात, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, तू माझं नाव घातलंस. मोठ्यांची टीम, दर मंगळवारी. इथे तिला गॅरेज लीग म्हणतात. दिवसभर आपापली कामं करून आलेले लोक कुठलाही कप जिंकायचा नसताना एकमेकांना भिंतीवर आपटतात आणि नंतर चेंजिंग रूममध्ये बियर पितात. कॅप्टन आणि गोलकीपर रेजाँ, धंद्याने प्लंबर, दाराएवढा रुंद. त्याने माझ्याकडे बघून तुला विचारलं, "हा कधी स्केटवर उभा राहिलाय?" तू फ्रेंचमध्ये म्हणालास, "याचा तोल फार चांगला आहे, हा योग करतो." मी कधी योग केला होता रे?

पहिल्याच दिवशी मी आधी स्केट घातले, नाड्या ताणून बांधल्या, आणि मग हॉकीची ती गादीसारखी चड्डी हातात घेतली. पात्यांवरून ती चढेना. सगळी खोली बघत होती. स्केट काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं हा एक मार्ग होता. मी दुसरा निवडला. चड्डी डोक्यावरून घालता येते का ते बघितलं.

पहिली मॅच संपली तेव्हा दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून एकमेकांशी हात मिळवायला लागल्या. तशी इथली पद्धत आहे. समोरच्या टीमचा गोलकीपर माझ्या वडिलांच्या वयाचा होता, हेल्मेट काढल्यावर सगळं डोकं पांढरं. माझा हात पुढे गेला, पण कंबर आधी वाकली. चालत्या रांगेत, स्केटवर, मी त्याच्या पाया पडायला गेलो. माझ्यामागचा मला अडखळला, त्याच्यामागचा त्याला, आणि त्या म्हाताऱ्याच्या पायाशी आमची निम्मी टीम लोळण घेत होती. तो घाबरून म्हणाला, "अरे, आम्ही एकाच गोलने जिंकलो."

आणि खंडेनवमी. ती तर तुझी सगळ्यांत मोठी लूट.

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी मंगळवारी आली. पुण्याहून आईचा फोन होता, जी हत्यारं वापरतोस त्यांची पूजा कर. लॅपटॉपला हळदकुंकू झालं, गाडीला झालं. मग मला वाटलं, सध्या माझ्या आयुष्यात खरं हत्यार कुठलं? मी स्टिक आणि स्केट पाटावर मांडले, मनापासून पूजा केली, फूल वाहिलं. फूल तिथेच पाटावर राहिलं, हे लक्षात ठेव. कुंकू मी पाण्यात कालवून चांगलं घट्ट लावलं होतं, पात्यांनासुद्धा. संध्याकाळी तेच स्केट घालून बर्फावर उतरलो.

थोड्या वेळाने पंचाने शिट्टी मारली. पांढऱ्या बर्फावर लाल रेघ होती आणि ती माझ्यापर्यंत येऊन थांबत होती. रक्त दिसलं की इथे खेळ थांबतो, जखमीला बाहेर काढतात, बर्फ खरवडतात. नुकताच मला कोपर मारून गेलेला समोरचा आडदांड गडी हेल्मेट काढून पांढराफटक पडून उभा. रेजाँ माझी जर्सी वर करून भोक शोधतोय. "कुठे लागलंय? कुठून येतंय?" मला कुंकवाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला की रक्त नाही, बायका लावतात ते आहे, आणि समजावं म्हणून बोट कपाळाच्या मधोमध टेकवून दाखवलं. झालं. डोक्याला मार लागलाय असं ठरलं. आमच्या टीममधल्या डेंटिस्टने माझ्या डोळ्यांत फोनचा टॉर्च मारला आणि विचारलं, आज वार कुठला? मी म्हणालो, नवमी.

तू वर स्टँडमध्ये ब्लँकेट गुंडाळून बसला होतास. हातातली कॉफी तुझ्या मांडीवर सांडलेली मला खालून दिसली.

तू प्रत्येक मंगळवारी यायचास. माझ्या गाडीला विंटर टायर नव्हते, म्हणून तू न्यायचास आणि आणायचास. थिजत बसायचास त्या स्टँडमध्ये. मंजिरी म्हणायची, "असा मित्र नशिबाने मिळतो." परतताना गाडीत तू म्हणायचास, "परत सांग. पहिल्यापासून. तेव्हा तू स्टिक कुठल्या हातात धरली होती? तो म्हातारा नक्की काय म्हणाला?" मी उत्साहाने सांगायचो. मला वाटायचं, माझं बोलणं याला किती आवडतं. तू माल भरत होतास.

पुढचं इथल्या सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. आधी मोहल्ल्याच्या केबल वाहिनीवर तू काहीतरी करायचास, पाककृती सांगायचास, कोणी बघत नसे. मग एका रविवारी तू आम्हा सगळ्यांना तुझ्या नव्या घराच्या बेसमेंटमध्ये मिसळ खायला बोलावलंस. म्हणालास, सरप्राइज आहे. मंडळातली निम्मी घरं होती. मोठ्या वाहिनीवर रविवारचा तो गप्पांचा आणि विनोदाचा कार्यक्रम लागला, निवेदकाने कोणाचं तरी नाव घेतलं, 'एमाँ' असं काहीतरी, म्हणजे फ्रेंच तोंडातला हेमंत, आणि तू पडद्यावर आलास. इस्त्रीचा शर्ट, वर हॉकीची जर्सी. बर्फावर नवशिका परदेशी माणूस कसा उतरतो ते तू सांगायला लागलास.

खरं सांगतो, त्या बेसमेंटमध्ये सगळ्यांत आधी मी हसलो. मला वाटलं, या माणसाची काय मस्त फजिती झालीय. चड्डी डोक्यावरून घालतो. मूर्खच दिसतो. मी शेजारच्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली. मंजिरीने हातातला चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "अरे, हे तर तुझं आहे."

मग तू कुंकवाचा किस्सा काढलास. स्टुडिओतले लोक हसून टेबलावर पडत होते. आणि शेवटी पंच तुझं हेल्मेट काढतो तेव्हा आतून झेंडूचं फूल बर्फावर पडतं, असं तू सांगितलंस, आणि सगळा स्टुडिओ उभा राहिला.

फूल नव्हतं हेमंत. फूल पाटावर होतं. मी वर्षभर ती गोष्ट सांगत होतो आणि मला कधी ते फूल सुचलं नाही, याचा मला जास्त राग आला की तू चोरी केलीस याचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

लोक जेवून गेल्यावर तू मला ड्राइव्हवेवर गाठलंस.

"काय बे, राग आला का?"

"ती माझी गोष्ट होती."

"तुझीच होती. मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण तू सांगतो तेव्हा अर्ध्यातच स्वतः हसतो. लोकं तुझ्या हसण्याला हसतात."

"निदान माझं नाव घ्यायचं होतंस."

"नाव घेतलं असतं तर तू म्हणाला असता, टीव्हीवर माझी बदनामी केली."

म्हणालोच असतो. अगदी याच ड्राइव्हवेवर उभं राहून, याच आवाजात. पण ते तू बोलून दाखवायचं काही कारण नव्हतं.

"तुझ्या स्वतःच्या चुका सांग ना," मी म्हटलं. "त्या कमी पडल्या का?"

तू खिशात हात घालून उभा होतास. मग म्हणालास, "माझ्याकडे कुठे आहेत बे? मी पडलोच नाही कधी."

हे तू बढाई म्हणून म्हणालास की रड म्हणून, मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी गाडीत बसलो आणि जोरात निघालो. म्हणजे निघायचा प्रयत्न केला. गाडी तुझ्याच ड्राइव्हवेवर बर्फात रुतली, आणि तूच बर्फाचं फावडं आणून ती मोकळी केलीस. मी काच खाली केली नाही.

त्यानंतर तू दर रविवारी टीव्हीवर आणि मी दर मंगळवारी बर्फावर. आता गाडीला विंटर टायर घेतले होते. ग्रोसरीच्या काउंटरवरची बाई मला म्हणाली, "तुम्ही त्या टीव्हीवरच्या माणसाच्या गावचे का? तुम्हीपण पडता?" मी म्हटलं, "मूळ पडणारा मीच." ती म्हणाली, "हो का," आणि मला पावती दिली. तू स्टँडमध्ये येणं बंद केलंस, पण दर मंगळवारी तुझा मेसेज यायचा, "आज काय?" मी कधी उत्तर दिलं नाही. तुझा पुढचा भाग मी का लिहून द्यावा? एक गोष्ट मात्र मला विचारायची होती आणि ती मी तुला तोंडावर विचारणार होतो, नीट भांडून झाल्यावर. त्या सगळ्या मंगळवारी तू मला बघायला यायचास की माल न्यायला? भांडण नीट व्हायच्या आधीच तू उठून गेलास. ही तुझी जुनी खोड. मॅच हरायला लागली की तू टीव्ही बंद करायचास.

आता तुझ्या निरोपाचं सांगतो, कारण तिथे तू होतास पण तुला बघता येत नव्हतं.

इथल्या पद्धतीप्रमाणे फ्युनरल होमचा हॉल, कडा कापलेली त्रिकोणी सँडविचेस, कॉफी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तुझे फोटो. मध्येच तुझ्या कार्यक्रमाचे तुकडे. म्हणजे तुझ्या अंत्यविधीलाही मी चड्डी डोक्यावरून घालत होतो. टीव्हीवाले आले होते, शेजारी आले होते, ग्रोसरीच्या काउंटरवरची ती बाईसुद्धा आली होती. एकामागून एक उठून बोलत होते. हेमंतला रांगेत पाया पडताना कसं वाटलं असेल. हेमंतचं कुंकू. हेमंतचं धैर्य. या धैर्यावर रेजाँ माझ्याकडे वळून कुजबुजला, "हा कधी बर्फावर उतरला होता?" मी म्हटलं, "गुडघा." तो म्हणाला, "जा, सांग त्यांना."

मी जाणार नव्हतो. पण वहिनी माझ्यापाशी आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचाच.

"भाऊजी, तुम्ही बोला न."

"वहिनी, माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही."

"मला माहीत आहे ते सगळं तुमचं होतं. आमच्या घरात स्केट कुठे आहेत? तेच सांगा. मी काही म्हणणार नाही. आज बोलून मोकळे व्हा, घरी घेऊन जाऊ नका."

मग मी गेलो. तुझ्या फोटोकडे पाठ करून उभा राहिलो आणि माझ्या त्या धरमपेठी फ्रेंचमध्ये म्हणालो, "ते मी होतो."

हॉलमध्ये खसखस पिकली.

मला वाटलं, नीट कळलं नसावं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. चड्डी, स्केट, डोकं. लोक हसायला लागले. मी म्हणालो, "नाही, नाही, खरंच मी. हा वर स्टँडमध्ये बसून कॉफी पीत होता." ते आणखी हसले. काही जण डोळे पुसत हसत होते. मी चिडलो. चिडलो की माझे हात फार हलतात. मी कपाळावर बोट टेकवून दाखवलं, "इथे, इथे लावतात ते," आणि पहिल्या रांगेतली एक बाई तोंडावर रुमाल धरून पुढे वाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काय चाललंय. त्यांना वाटत होतं की मी तुझी नक्कल करतोय. जिवलग मित्र, तुझी आठवण म्हणून, तुझाच कार्यक्रम तुझ्याच ढंगात करून दाखवतोय.

मी ती गोष्ट घडली तशी संपवली. कुंकू, पंच, टॉर्च, नवमी. आणि थांबलो. हॉल थांबून राहिला. मागून कोणीतरी मायेने विचारलं, "आणि फूल?"

"फूल नव्हतं," मी ओरडून म्हणालो.

असा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. लोक उभे राहिले. टाळ्या वाजवत होते आणि माझ्या खांद्यावरून तुझ्या फोटोकडे बघत होते. टीव्हीवाल्यांपैकी एक बाई नंतर माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "फार सुंदर केलंत. अगदी तो उभा राहिला डोळ्यांसमोर. उच्चार थोडे जास्तच जड केलेत, तो इतके करत नसे, पण भाव अचूक." म्हणजे माझीच नक्कल मला साधारण बरी जमली.

वहिनी हसत होत्या का रडत होत्या ते मला दिसलं नाही. मी कोट शोधत होतो.

तेव्हा हे तुझं. घेऊन जा. आता कोणाला सांगून उपयोग नाही, मी स्वतःसुद्धा सांगायला लागलो तर माझ्याच तोंडून तुझं ऐकू येतं. मंजिरी म्हणाली, जाऊ दे रे, तो गेला. मी म्हटलं, गेला ना, मग माझं ठेवून जायला काय झालं होतं.

काल मंगळवार होता. जायचं नव्हतं, पण रेजाँ घरापाशी गाडी घेऊन आला आणि हॉर्न वाजवत राहिला. इतक्या वर्षांनी मला आता खेळता येतं, निदान उभं राहता येतं. मी चेंजिंग रूममधून निघालो, मैदानाभोवतीच्या फळीचं दार उघडलं आणि ऐटीत बर्फावर पाय ठेवला. स्केटच्या पात्यांवरची प्लास्टिकची कव्हरं तशीच होती. मी आडवा झालो आणि घसरत मधल्या वर्तुळापर्यंत गेलो. तिथे पंच खेळ सुरू करायला चकती हातात घेऊन उभा होता. तोही आडवा झाला.

सांगण्यासारखी होती, हेमंत. मला पडल्या पडल्या कळलं. बर्फावर पालथा असतानाच मी ती मनात जुळवायला लागलो होतो, कव्हरांचा रंग कुठे सांगायचा, पंचाला किती वेळ उभा ठेवायचा.

मॅच संपल्यावर चेंजिंग रूममध्ये बियर उघडल्या आणि उशिरा आलेल्या दोघातिघांना रेजाँने ती सांगितली. सरळ, इमानदारीने. माझं नाव घेऊन, माझ्याकडे हात करून. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही, कुठलंही फूल घातलं नाही. मला तुझ्याकडून नेमकं एवढंच हवं होतं.

कोणी हसलं नाही. डेंटिस्टने माझ्याकडे बघून विचारलं, "लागलं का रे?"

मी म्हटलं, "नाही."